दार आणि दावा

मोजून हिंडणाऱ्या माणसाविषयी मराठी साहित्यिकांच्या मनात एक जुनी अढी आहे. किती किल्ले झाले, किती घाटवाटा उतरून झाल्या, किती देवळे पाहून झाली याचा हिशेब ठेवणारा माणूस आमच्या वाङ्मयीन वर्तुळात हमखास थट्टेचा विषय होतो. खरी भटकंती निर्हेतुक असते, खरे वाचन निरुद्देश असते, आणि जिथे अट आली तिथून आनंदाने काढता पाय घेतलाच म्हणून समजावे, अशी समजूत मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतून एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात आली आहे. ही समजूत आम्हांला मान्य नाही. ती चुकीची आहे, एवढेच आमचे म्हणणे नाही. ती सोयीची आहे, आणि तिच्या आडोशाने साहित्याच्या अभ्यासात एक मोठी लबाडी सुखाने नांदते, असे आमचे म्हणणे आहे. हे मांडण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेणार आहोत ते वरकरणी पोरकट वाटेल अशा एका खेळाचे आहे, आणि त्याची पारख करण्यासाठी कराडच्या आसपासच्या दहा गावांकडे वळणार आहोत. वाचकांनी थोडा धीर धरावा.

खेळाचे नाव जिओकॅशिंग. उपग्रहांवरून पृथ्वीवरील स्थान सांगणाऱ्या जीपीएस यंत्रणेचे संकेत सामान्य नागरिकांसाठी मुद्दाम ढोबळ ठेवले जात. अमेरिकी सरकारने मे २००० च्या आरंभी ते बंधन उठवले. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जो शोधील त्याने आत ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे, एवढाच करार. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक पेट्या झाडांच्या ढोल्यांत, पुलांखाली, कातळांच्या फटींत ठेवलेल्या आहेत. पेटीत मोलाचे काही नसते. एक वही असते आणि आधी येऊन गेलेल्यांची नावे असतात.

ह्या खेळाचा एक पोटप्रकार आहे, आणि आमचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. त्याला चॅलेंज कॅश म्हणतात. आपण त्याला अटीची पेटी म्हणू. अटीची पेटी 'सापडली' असे म्हणणाऱ्याने काही तरी करून दाखवलेले असावे लागते. पेट्यांची प्रतवारी शोधण्याच्या आणि वाटेच्या कठीणपणावरून एक ते पाच अशी, अर्ध्या-अर्ध्या पायरीने केलेली असते. दोन्हींचा मेळ घातला तर एक्याऐंशी जोड्या होतात. ह्या एक्याऐंशीही प्रकारची किमान एकेक पेटी शोधलेली असावी, ही एक प्रसिद्ध अट. वर्षाच्या ३६६ तारखांपैकी प्रत्येक तारखेला कधी ना कधी पेटी शोधलेली असावी, ही दुसरी. तीत २९ फेब्रुवारीही आला. एका नकाशासंग्रहाच्या प्रत्येक पानावर पडणाऱ्या प्रदेशातली एक तरी पेटी शोधलेली असावी, ही अगदी आरंभीच्या अटींपैकी. अशी अट पुरी व्हायला वर्षे लागतात.

परंतु ह्या प्रकारातला खरा मुद्दा अटीच्या कठीणपणात नाही. तो एका साध्या नियमात आहे, आणि साहित्याच्या माणसांनी ह्या नियमाकडे फार बारकाईने पाहावे. अटीची पेटी कोणालाही शोधता येते. ती उघडता येते, हाताळता येते, वहीत नाव आणि तारीख लिहिता येते. अट पुरी झालेली नसेल तर एकच गोष्ट करता येत नाही: 'सापडली' अशी नोंद करता येत नाही. पाच वर्षांनी अट पुरी झाली, तर त्या दिवशी जुन्या सहीच्या आधाराने तो शब्द उच्चारता येतो. म्हणजे येथे दार उघडे आहे. अडवलेला आहे तो फक्त दावा.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा, की अट आली की रस गेला. हा आक्षेप मराठीच्या प्राध्यापकाने घ्यावा याचे आम्हांला नवल वाटते. ज्या वर्गात भुजंगप्रयाताच्या एका चरणातले चार यगण बोटांवर मोजायला शिकवतात, त्याच वर्गात मोजून चालणाऱ्याची थट्टा व्हावी हे विसंगत आहे. ओवी असो, अभंग असो, आर्या असो, छंद ही कवीने आपल्यावर घालून घेतलेली अटच असते. त्या अटीने कवितेतला रस गेला असे कोणी म्हणत नाही. शब्दाला अडथळा झाला म्हणूनच तो दुसरीकडून फुटला, असे आपण शिकवतो. मग पायांना अडथळा झाल्याने चालण्यातला रस का जावा?

दुसरा आक्षेप असा, की हे परक्यांचे थेर आहे. आपल्याकडचा प्रवासी मुक्त असतो. वस्तुतः आपल्याकडचा प्रवासी कधीच मुक्त नव्हता. नर्मदेच्या परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवावी लागते, मध्ये कुठेही पात्र ओलांडता येत नाही, आणि पारंपरिक मुदत तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवसांची सांगितली जाते. गो. नी. दांडेकरांनी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ह्याच वाटेवर रचली. ती अट काढून टाका आणि ती कथा उभी राहते का ते पाहा. अष्टविनायकांची यात्रा शास्त्राप्रमाणे मोरगावला सुरू करून पुन्हा मोरगावलाच संपवावी लागते. युरोपातही हीच रीत आहे. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेचे प्रमाणपत्र हवे असेल तर किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलवर जावे लागते, आणि वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के जवळच्या पुस्तिकेत दाखवावे लागतात. विमानाने उतरलेल्या प्रवाशाला तिथल्या चर्चमध्ये जायला कोणी अडवत नाही. त्याला प्रमाणपत्र मात्र मिळत नाही. दार आणि दावा यांतला हा भेद जुन्या यात्रांना चांगला ठाऊक होता. खेळ काढणाऱ्यांनी तो नव्याने आचरला, इतकेच.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो असा, की 'पात्रता' आणि 'अधिकार' हे शब्द ह्या भूमीत रक्ताने आणि अपमानाने माखलेले आहेत. चोखोबांचा अधिकार कोणी ठरवला? त्यांची समाधी पंढरपुरात देवळाच्या आत नाही, नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला तो ह्याच शब्दाविरुद्ध. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले. ग्रंथांच्या बाबतीतही वेगळे घडले नाही. महानुभावांचे वाङ्मय सांकेतिक लिप्यांच्या कुलुपात राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठी गद्याचा आरंभकाळ पंथाबाहेरच्या वाचकाच्या नजरेआडच होता. अटींची भलामण करणाऱ्याने आधी ह्या इतिहासाला उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे. देवळाच्या दाराशी उभी केलेली अट आणि अटीच्या पेटीची अट यांत दोन फरक आहेत, आणि दोन्ही मूलभूत आहेत. पहिला फरक अडवले काय जाते याचा: तिथे दार अडवले गेले, इथे दार सताड उघडे आहे. दुसरा फरक मागितले काय जाते याचा: तिथे जन्म मागितला गेला, जो कितीही श्रम केले तरी बदलता येत नाही, इथे कृती मागितली जाते, जी कोणीही करू लागावी. असण्याची अट आणि करण्याची अट ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीचा द्वेष करावा तितका थोडाच. पण पहिलीच्या पापासाठी दुसरीला फाशी देणे हा न्याय नाही. स्वतः वारकऱ्यांनी तो केला नाही. ज्या परंपरेतल्या संताला दाराबाहेर राहावे लागले, त्याच परंपरेने माळ घालण्याच्या अटी ठेवल्या: नेमाची वारी करावी, एकादशी धरावी, अभक्ष्य सोडावे. माळ न घालता कीर्तनाला बसायला कोणाची ना नव्हती. 'मी वारकरी' असे म्हणायचे तर मात्र वारी करावी लागे. व्यवहारात ह्या तत्त्वाला जातीचे डाग लागले, हे नाकारण्याचे कारण नाही. तत्त्व मात्र स्वच्छ आहे, आणि ते तत्त्व अटीच्या पेटीचेच आहे.

आता कराडकडे येऊ, कारण तत्त्वाची परीक्षा नकाशावरच होते.

कराडहून उत्तरेस, पश्चिमेस आणि दक्षिणेस, सातारा, सांगली आणि कोल्हापूर ह्या तीन जिल्ह्यांत समर्थ रामदासांनी स्थापिलेले म्हणून सांगितले जाणारे अकरा मारुती आहेत. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी ही पाच गावे आणि दोन मारुतींचे चाफळ, अशी सहा गावे सातारा जिल्ह्यात. बहे आणि शिराळा सांगलीत. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. परंपरा ह्या स्थापनांचा काळ शके १५६६ ते १५७६, म्हणजे साधारण १६४४ ते १६५४ ह्या दशकात धरते. ह्या अकरांची यादी आपल्यापर्यंत आली ती वेणाबाईंच्या अभंगातून. वेणाबाई बालविधवा होत्या. मिरजेच्या मठाचा कारभार त्यांच्याकडे होता आणि 'सीतास्वयंवर' हे त्यांचे काव्य आहे. त्या काळाच्या दारांवर ज्या अटी होत्या त्या हिशेबाने ह्या बाईला कुठेच प्रवेश नव्हता. आज हजारो लोक ज्या यादीवर बोट ठेवून अकराचा आकडा पुरा करतात, ती यादी तिची आहे. अधिकाराविषयी बोलताना हे लक्षात ठेवलेले बरे.

मराठीत यात्रेसाठी एक विलक्षण क्रियापद आहे: करणे. अष्टविनायक केले, चारधाम केले, अकरा मारुती केले. 'पाहिले' असे आपण म्हणत नाही, 'केले' म्हणतो. ह्या क्रियापदात जुन्या अटीचा ठसा आहे. पायी जायचे, मुक्काम करायचे, नदीला उतार असेल तेव्हाच पलीकडे जायचे, असे पुष्कळ काही करावे लागे म्हणून 'केले' हा शब्द शोभत असे. आता भाड्याच्या मोटारीत बसून एका दिवसात, फार तर दोन दिवसांत, अकराही ठिकाणी माथा टेकवून होतो. संध्याकाळी छायाचित्रे पाठवली जातात आणि खाली शब्द असतो तोच: केले. आम्ही विचारतो, नेमके काय केले? मोटार चालकाने चालवली, रस्ता शासनाने बांधला, यादी वेणाबाईंनी दिली. प्रवाशाने दार उघडले आणि लावले.

येथे आमच्याविषयी गैरसमज होऊ नये. मोटारीने जाणाऱ्याला कोणी अडवावे असे आम्ही म्हणत नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन जाणाऱ्याला, सुट्टीचा एकच दिवस हाती असणाऱ्याला, गंमत म्हणून जाणाऱ्याला, सगळ्यांना ती दहा गावे मोकळी असलीच पाहिजेत. एखाद्या गाभाऱ्याशी बाईला उंबऱ्याबाहेर थांबवले जात असेल, तर ती दाराची अट आहे आणि ती मोडलीच पाहिजे. आमचे भांडण फक्त एका शब्दाशी आहे. त्याने 'पाहिले' म्हणावे, 'गेलो होतो' म्हणावे. 'केले' हा शब्द त्याने मिळवलेला नाही.

मग तो मिळवावा कसा? अटीच्या पेटीचे तत्त्व घेऊन आम्ही चार अटी सुचवतो.

पहिली अट: सातारा जिल्ह्यातील सात मारुती एकमेकांपासून फार दूर नाहीत, त्यांच्यामधले अंतर पायी चालावे. उरलेल्या चारांसाठी एसटी चालेल. ज्याला चालणे शक्य नाही त्याने तितक्याच कष्टाची दुसरी अट स्वतःच ठरवावी. ती इतरांनी ठरवू नये.

दुसरी अट: बह्याचा मारुती कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. नदीला पूर आला की बेटाचा काठाशी संबंध तुटतो. बह्याला दोनदा जावे; एकदा पाणी उतरलेले असताना, आणि एकदा भर पावसाळ्यात, सुरक्षित अंतरावर काठाशी उभे राहून परत फिरण्यासाठी. त्या दिवशी मूर्ती दिसणार नाही. ती भेटही मोजावी. नदी जिथे नाही म्हणते तिथे नाही ऐकून घेणे हा यात्रेचा भाग आहे, आणि मोटारीच्या वेळापत्रकात तो कधीच बसत नाही.

तिसरी अट साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी. प्रत्येक गावात तिथल्या माणसाला विचारावे, की ह्या मारुतीला तुम्ही काय म्हणता, आणि उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे. शहापूरच्या मारुतीला चुन्याचा मारुती म्हणतात, शिंगणवाडीच्या टेकडीवरच्याला खडीचा, उंब्रजच्या मारुतीला मठातला. चाफळला एक दासमारुती आहे आणि दुसरा प्रतापमारुती. माजगावात वेशीवरच्या ज्या धोंड्याला लोक आधीच मारुती मानत, त्याच्यावरच पुढे मूर्ती कोरली गेली अशी कथा सांगतात. पारगावची मूर्ती अकरांत सर्वांत लहान. ही नावे आणि ह्या कथा छापील माहितीपत्रकातही मिळतील. पण गावकऱ्याच्या तोंडची कथा आणि पत्रकातली कथा यांत कुठे फरक पडतो, हे ज्याने टिपले नाही त्याने लोकसाहित्याच्या प्रश्नपत्रिकेत काहीही लिहिले तरी ते उसने आहे.

चौथी अट: वेणाबाईंचे 'सीतास्वयंवर' ग्रंथालयातून शोधून काढून वाचावे. यादी जिची घेतली तिचे काव्य वाचायचे नाही, ही कृतघ्नता आहे. कित्येकांना ह्या चार अटींत हीच सर्वांत अवघड जाईल, आणि ज्याला ती सोपी वाटेल त्याच्यासाठी पहिली आहेच.

ह्या अटींत श्रद्धेची अट नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. नास्तिकालाही अकरा मारुती करता येतील. नमस्कार करावा की करू नये हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न आहे. अटी पायांना आहेत, कानांना आहेत, डोळ्यांना आहेत.

येथे कोणी विचारील, की ह्या अटी पाळल्या की नाही हे तपासणार कोण? प्रश्न रास्त आहे, आणि त्या खेळाचा पुढचा इतिहास ह्याच प्रश्नावर घडला. आरंभी पेटी ठेवणारे मन मानेल तशा अटी घालत: विचित्र टोपी घालून छायाचित्र काढा, नोंद कवितेत लिहा, इत्यादी. २००९ मध्ये असल्या बहुतेक अटी रद्द झाल्या आणि आधी केलेल्या शोधांवर आधारलेल्या अटीच तेवढ्या राहिल्या. तरी वाद थांबले नाहीत. अट नेमकी कोणती, ती पुरी झाली का, यांवरून तक्रारी वाढत गेल्या, तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये नव्या अटीच्या पेट्यांना एक वर्षाची स्थगिती दिली गेली. २०१६ मध्ये त्या परत आल्या त्या एका बंधनासह: प्रत्येक अटीबरोबर ती तपासणारी संगणकीय आज्ञावली जोडलेली असलीच पाहिजे. जी अट यंत्राला तपासता येत नाही, ती अट घालता येत नाही.

ह्या निर्णयाची एक बाजू चांगली आहे, आणि ती आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पेटीवाल्याची लहर संपली. उद्या कोणी म्हणाला की माझ्या मर्जीतल्यांनाच ही पेटी 'सापडली' म्हणता येईल, तर यंत्र ते ऐकणार नाही. ज्या समाजाने अधिकाराच्या नावावर इतकी लहर सोसली, त्याला यंत्राचा हा निःपक्षपातीपणा मोलाचा वाटावा. परंतु यंत्राला जे मोजता येते तेच उरले की माणसे तेवढेच करू लागतात. दोन पेट्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, असा ह्या खेळाचा नियम आहे. म्हणून सरळ रस्त्याच्या कडेने बरोबर तितक्या-तितक्या अंतरावर शेकडो पेट्या मांडून आकडा वाढवण्याच्या वाटा तयार झाल्या. थांबावे, डबा उघडावे, सही करावी, पुढचा डबा गाठावा. हा एका दिवसात अकरा मारुती करण्याचाच प्रकार आहे, फक्त परदेशी.

आणि हसण्याआधी आपल्या घरात पाहावे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन शिक्षकांसाठी गुणांकनाची पद्धत आणली. अध्यापन, संशोधन, प्रकाशन यांना गुण ठरले, आणि बढतीसाठी त्या गुणांची बेरीज आवश्यक झाली. लेख छापला आहे का, नियतकालिकाला क्रमांक आहे का, हे यंत्राला तपासता येते. लेखात काही म्हटलेले आहे का, हे त्याला तपासता येत नाही. परिणाम सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पैसे भरून लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, आणि मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात काढून टाकावी लागली. १६१ मीटरवर मांडलेले डबे ते हेच. त्यांतल्या लेखांनाही लेखकाची सही होतीच.

यातून आम्ही निष्कर्ष काढतो तो असा: ज्या दाव्यावर नोकरी, बढती, पगार अवलंबून आहे, तिथे बाहेरची तपासणी टळणार नाही, आणि तिथे ती न्याय्य कशी होईल याचा विचार वेगळा करावा लागेल. पण ज्या दाव्याचे बक्षीस केवळ एक शब्द आहे, तिथे तपासनीस आणणे म्हणजे त्या शब्दाचा जीव घेणे. नर्मदा उजव्या हाताला राहिली की नाही हे पाहायला कोणी माणूस मागे चालत नसे. खोटे बोलणारा परिक्रमावासी कोणाला फसवील? वही त्याचीच, पाय त्याचेच. अशा अटीचा पहारा ज्याने ती घालून घेतली त्याच्याकडेच असतो, आणि म्हणून तिच्यात माणूस बदलण्याचे सामर्थ्य असते.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला ते क्रियापद. 'करणे' नव्हे; 'वाचणे'.

मराठीच्या अभ्यासक्षेत्रात दार आणि दावा यांची अदलाबदल झालेली आहे. दारावर आपण अटींची रांग लावली आहे: टक्केवारी, पात्रता परीक्षा, प्रवेश परीक्षा, गुणांक. दाव्यावर मात्र एकही अट नाही. 'कोसला वाचली' असे कोणीही म्हणू शकतो. गाईडातले चार परिच्छेद वाचलेलाही म्हणतो, आणि समोरचा मान डोलावतो, कारण त्याचीही वाट तीच असते. १९६३ साली आलेल्या त्या कादंबरीवर किती जणांनी उत्तरे लिहिली असतील आणि त्यांतल्या किती जणांनी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असेल, हे वर्गात उभे राहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे. 'दासबोध'चे वीस दशक आहेत आणि प्रत्येकात दहा समास. दोनशे समासांतले नेमलेले दोन समास वाचून 'दासबोध केला आहे' असे म्हणणारे आम्ही परिसंवादांच्या व्यासपीठांवर ऐकतो. 'केला' हा शब्द तिथेही तोच आहे.

'वाचनाला अटी कसल्या?' हा उदात्त प्रश्न बहुधा ह्याच व्यासपीठांवरून विचारला जातो, आणि तो का सोयीचा आहे हे आता ध्यानात यावे. अट मान्य केली तर दावा मागे घ्यावा लागेल. निरुद्देश आस्वादाच्या नावाखाली न वाचलेल्या पुस्तकांचा जो साठा आपण जवळ बाळगतो, तो जाहीर करावा लागेल. आरंभी आम्ही लबाडी हा शब्द वापरला तो ह्यासाठी.

उपाय अवघड नाही. दार उघडे टाकावे: पुस्तक कोणालाही मिळावे, वर्गात कोणीही येऊन बसावे, चार पाने वाचून कंटाळलेल्याने तसे निःसंकोच म्हणावे. ते त्याचे वहीतले नाव आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. दावा मात्र प्रत्येकाने आपल्यापुरता अटीत बांधावा. एखादी कादंबरी 'वाचली' म्हणण्यापूर्वी ती दोनदा, दहा वर्षांच्या अंतराने वाचलेली असावी, अशी अट कोणी घालून घेईल. एखादा म्हणेल, की ज्या कवीवर मी बोलतो त्याचा एकेक संग्रह मूळ रूपात हाती धरलेला असावा. निवडक कविता चालणार नाहीत. तिसरा ठरवील, की ज्या बोलीतली कथा शिकवतो ती बोली बोलणाऱ्या गावात महिनाभर राहिल्यावाचून 'शिकवली' म्हणायचे नाही. अटी वेगवेगळ्या असतील, असाव्यात. एकच पथ्य: शिक्षकाने विद्यार्थ्याला अट सांगण्याआधी ती स्वतः पुरी केलेली असावी, आणि पुरी झालेली नसेल तर वर्गात तसे म्हणावे. 'हे पुस्तक मी अजून वाचलेले नाही. चाळलेले आहे' हे वाक्य ज्या दिवशी मराठीच्या वर्गात शिक्षकाच्या तोंडून लाज न वाटता उच्चारले जाईल, त्या दिवशी त्या वर्गातला 'वाचले' हा शब्द पुन्हा नाण्यासारखा वाजू लागेल.

कराड हे साहित्य संमेलनांचे गाव आहे. १९७५ मध्ये दुर्गा भागवतांच्या आणि २००३ मध्ये सुभाष भेंडे यांच्या अध्यक्षतेखाली ती तिथे भरली. त्या गावातल्या आणि आसपासच्या मराठी विभागांना आमचे जाहीर आव्हान आहे. येत्या वर्षी सहल काढाल तेव्हा मोटार सांगू नका. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावरून निघा, वेणाबाईंची यादी आणि एक कोरी वही बरोबर घ्या, आणि वर दिलेल्या चार अटींपैकी ज्या जमतील त्या पाळा. न जमलेल्या अटींपुढे जागा मोकळी ठेवा. परत आल्यावर विभागाच्या भिंतीवर जे लिहाल त्यात 'केले' हा शब्द लगेच घालू नका. बह्याच्या काठावरून पुराच्या दिवशी परत फिरायचे राहिले असेल, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा.